घाटात ट्रॅव्हलर कॅम्पर गरम होतेय, चार रोचा रेडिएटर टाकू का?

चाकावरचं_घर

गाडी २००९ ची टेंपो ट्रॅव्हलर, २.६ लिटर टर्बो डिझेल, कॅम्पर करून घेतलेली. मागे बेड, ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी, १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, इन्व्हर्टर. इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा मागचा हीटर आहे आणि आंघोळीच्या पाण्यासाठी प्लेट हीट एक्स्चेंजर आहे (इंजिनाचं गरम पाणी आणि टाकीचं पाणी पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातं). दोघांचे होज फ्लोअरखालून गेलेत.

सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा निम्म्याच्याही खाली. वाईहून पसरणी घाट किंवा साखरप्याकडून आंबा घाट चढायला लागलं की पाच-सात मिनिटांत काटा लाल पट्टीला टेकतो. माथ्यावर पोचून उताराला लागलं की लगेच खाली येतो. थंडीत सकाळी मात्र उलटं, काटा हलायलाच खूप वेळ लागतो. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, पण त्याचा रंग काळ्या चहासारखा झालाय. ऑइलमध्ये पाणी नाही, धूर नेहमीसारखाच.

गॅरेजमध्ये सांगतात, रेडिएटरचा तीन रोचा (नळ्यांच्या तीन रांगांचा) कोअर काढून चार रोचा टाका. त्याआधी काय काय तपासावं? पुढच्या उन्हाळ्यात लेहला जायचं आहे.

पाना_बारा

रेडिएटरवर पैसे घालायच्या आधी थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) हाऊसिंग उघडा. आत थर्मोस्टॅट नसणार, असा माझा अंदाज आहे.

थंडीत गाडी लवकर तापत नाही आणि चढाला जास्त तापते, ही दोन्ही लक्षणं एकाच कारणातून येतात. हे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ च्या घराण्यातलं. या घराण्यातल्या थर्मोस्टॅटला खाली एक छोटी चकती असते. इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद आणि बायपासची उघडी असते, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. इंजिन तापलं की वरचा व्हॉल्व्ह रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅट काढून टाकला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहतात. पाणी सोपी वाट धरतं, म्हणजे बायपासने परत पंपाकडे. सपाटीला हे चालून जातं. चढाला जेव्हा सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा न गार होताच इंजिनात परत येतो. "आपल्याकडे गरम हवा, व्हॉल्व्ह कशाला पाहिजे" म्हणून तो काढून फेकायची पद्धत आहे. बायपास असलेल्या इंजिनाला ती महागात पडते.

नवीन घेताना काठावर कोरलेला आकडा बघा. मूळ ओएम ६१६ ला ८० अंशांचा असे. तुमच्या इंजिन नंबरवरून जो पार्ट निघेल तोच घ्या आणि खालची चकती आहे ना, हे दुकानातच बघा. बसवायच्या आधी दोऱ्याने पातेल्यात टांगा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. लिहिलेल्या अंशाच्या आसपास उघडायला सुरुवात व्हावी आणि साधारण १५ अंश वर पूर्ण उघडावा. नवा कोरा पीससुद्धा कधी कधी अर्धाच उघडतो. बसवताना पिन किंवा छोटा गोळा असलेलं भोक वर ठेवा, हवा तिथून निघते.

दुसरं काम इन्फ्रारेड थर्मामीटरचं. चढ चढून बाजूला थांबा, हँडब्रेक लावा, इंजिन १,००० आरपीएमच्या आसपास चालू ठेवा आणि थर्मोस्टॅट हाऊसिंग, वरचा होज, खालचा होज यांचं तापमान घ्या. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं बोलतं, म्हणून आधी तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा.

वरचा ९५ आणि खालचा ८८-९० असेल तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. मग पंखा, श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण), बुजलेल्या जाळ्या बघायच्या. वरचा ९५ आणि खालचा ६०-६५ असेल तर रेडिएटरमधून जेवढं पाणी जातंय ते छान गार होतंय, पण जातंच आहे थोडं. मग बायपास, आतून बुजलेल्या नळ्या, झिजलेला इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) किंवा चिमटणारा खालचा होज. होज तपासायला बॉनेट उघडं ठेवून इंजिन रेस करा. खालचा होज आत ओढला जात असेल तर त्यातली स्प्रिंग गंजून गेलेली असते.

सगळ्या कोअरवरही यंत्र फिरवा. एखादा पट्टा बाकीच्यांपेक्षा १५-२० अंश थंड लागला तर तेवढ्या नळ्या बंद.

पंख्याला व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंखा घट्ट पकडणारा जोड) असेल तर गाडी गरम असताना इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. गरम असतानाही झटक्यात दोन-तीन फेरे फिरला, किंवा कपलिंगवर तेलकट धूळ चक्राकार चिकटलेली असली, तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलं, बदला. थेट जोडलेला पंखा असेल तर बेल्टच बघायचा: दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की १०-१२ मिलिमीटर दबावा. बेल्टच्या कडा चकाकत असतील किंवा तो पुलीच्या खाचेत तळाला टेकला असेल तर ताण कितीही द्या, घसरणारच.

डोंगरगाडी

आणखी एक, फुकटातलं. कॅम्पर करताना पुढच्या ग्रिलवर काय काय लावलंय? जादा लाइटची पट्टी, मोठा बंपर, ग्रिलमागे किड्यांसाठी लावलेली मच्छरदाणीची जाळी. जाळी नवीन असतानाही हवा अडवते, किडे बसले की विचारूच नका. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असेल तर दोघांच्या मधल्या फटीत कापूस, पिसं, धूळ यांची गादी जमते. बाहेरून काहीच दिसत नाही. वरच्या पट्ट्या सोडून कंडेन्सर पुढे झुकवा आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळाच्या प्रेशरने पाणी मारा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर वॉशर जवळून मारला की नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या मुडपतात, मग तो भाग कायमचा बंद.

शिवाय गाडीचं वजन काटा करून घ्या. टाकी, बॅटऱ्या, प्लायवूड मिळून किती झालंय ते कळेल. भरलेली टाकी घेऊन घाट चढायची गरज नसते.

कोअर_आणि_डाग

चार रोचा कोअर म्हणजे चार रोची थंडाई, असं होत नाही. मागच्या रोला हवा पोचते ती आधीच्या तीन रोंनी तापवलेली, आणि जाडी वाढली की त्याच पंख्याने हवा कमी ओढली जाते. पंखा आणि श्राउड तसेच ठेवून कोअर जाड केला की पुष्कळदा फरक पडत नाही. तीन रोचाच चांगला, दाट पाकळ्यांचा कोअर बरा.

आता तुमचा रेडिएटर कुठला ते बघा. वर-खाली पितळी टाक्या डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतील तर टाक्या उघडून रॉडिंग होतं: प्रत्येक नळीतून पट्टी फिरवून आत बसलेला थर काढायचा, परत डाग मारायचा, पाण्याच्या हौदात हवा भरून बुडबुडे बघायचे. प्लास्टिकच्या टाक्या आणि अॅल्युमिनियम कोअर असेल तर रॉडिंगचा नाद सोडा. दुमडलेल्या पट्ट्या एकदा उघडल्या की पुन्हा तितक्या घट्ट बसत नाहीत. तो फ्लश करून सुधारला तर ठीक, नाहीतर नवीन.

चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे गंज. कूलंटमधली गंजरोधकं संपलीत किंवा कोणीतरी नुसतं पाणी भरत आलंय, त्यातून बोअरचं असेल तर नळ्यांत क्षारही आहेत. फ्लश असा करा:

गाडी पूर्ण गार. पुढचा-मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर. खालचा होज काढा आणि ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही खोला. हा प्लग कोणी खोलत नाही, म्हणून अर्धा गाळ ब्लॉकमध्येच राहतो. प्लग काढूनही पाणी आलं नाही तर भोकात गाळ बसलाय, तारेने टोचा. निघालेलं पाणी बादलीत मोजा. ते गटारात किंवा रस्त्यावर ओतू नका, गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

थर्मोस्टॅट नसतानाच फ्लश केलेला बरा, नवा नंतर बसवा. साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या. मग लिंबूसत्त्व, लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे १२ लिटरच्या सिस्टीमला ६०० ग्रॅम. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून भरा, इंजिन ८० अंशांपर्यंत नेऊन १०-१५ मिनिटं चालवा, गार होऊ द्या, काढा. पाणी विटकरी येईल. रात्रभर ठेवू नका, अॅल्युमिनियमचे भाग आणि डाग दोन्ही खाल्ले जातात. नंतर लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घालून एक फेरी, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. कॉस्टिक सोडा घालायला कोणी सांगितलं तर तिथून निघा, तो अॅल्युमिनियमला सरळ विरघळवतो.

फ्लशनंतर गळती दिसू लागली तर ती लिंबूसत्त्वाने केलेली नसते. भोक आधीच होतं, गंजाने बुजलेलं होतं. गळती थांबवणारी पावडर टाकू नका, ती पहिल्यांदा हीटरच्या बारीक नळ्यांत बसते.

भरताना एक हिशोब चुकतो. धुतल्यावर ब्लॉकमध्ये आणि होजमध्ये साधं पाणी उरतंच. त्यावर तयार ५०:५० कूलंट ओतलं तर आत ३५:६५ सुद्धा होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. एकूण क्षमता काढताना मागच्या होजांचंही पाणी धरा: आतून १६ मिलिमीटरचा होज मीटरला ०.२ लिटर घेतो, जाऊन-येऊन १० मीटर असेल तर २ लिटर. समजा एकूण १४ लिटर झालं, तर आधी ७ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि वर बॅटरीचं डिमिनरलाइज्ड पाणी भरत जा. शेवटी मिश्रणाचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने तपासा.

कॅनवर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ लिहिलेलं असावं. पितळी रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट, दर दोन वर्षांनी बदलायचं. लाल-गुलाबी दीर्घायुषी प्रकार त्यात मिसळू नका. आणि नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते, कॅनची मागची बाजू वाचा.

हवा काढायला गाडीचं नाक चढावर करा, रेडिएटरचं टोपण उघडं, हीटर गरमवर, वरचा होज हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा, टोपण लावा. गार झाल्यावर परत बघा.

बारा_व्होल्ट

मागच्या हीटरच्या लाइनबद्दल कोणी बोललं नाही, आणि कॅम्परमध्ये निम्मी भानगड तिथेच असते.

ही लाइन हेडमधून गरम पाणी घेते आणि पंपाच्या तोंडाशी परत सोडते. म्हणजे हासुद्धा एक बायपासच. मागचा ब्लोअर बंद असेल तर त्यातून गेलेलं पाणी गार न होता परत येतं. वर सांगितलेल्या बायपासमध्ये ही भर. म्हणून दोन्ही होजांवर इंजिनाजवळ पितळी बॉल व्हॉल्व्ह लावा. गरज नसेल तेव्हा बंद. घाटात काटा चढलाच तर दोन्ही उघडा आणि मागचा ब्लोअर पूर्ण सोडा, मग तीच लाइन छोट्या रेडिएटरचं काम करते. व्हॉल्व्ह बंद करून एक घाट चढून बघितलात तर दोष पुढे आहे की मागे, हेही कळेल. रस्त्यात मागे होज फुटला तर व्हॉल्व्ह बंद करून घरी येता येतं, हा वेगळा फायदा.

होज ईपीडीएमचा (उष्णता सोसणाऱ्या रबराचा), हीटरसाठीचाच हवा. बागेचा प्लास्टिकचा होज ८० अंशांना मऊ पडून क्लिपमधून निसटतो. चॅसिसच्या कडेवरून जातो तिथे जुन्या होजची बाही घाला. लाइनचा जो भाग सगळ्यात उंच, बहुतेक बेडखालच्या हीटरपाशी, तिथे हवा काढायचा स्क्रू नसेल तर टी लावून बसवा. तिथे अडकलेली हवा पुढून कितीही भरलं तरी निघत नाही.

प्लेट एक्स्चेंजरचं जास्त गंभीर आहे. कूलंट सिस्टीमचा दाब साधारण ०.९ बार, आणि १२ व्होल्टचा पाण्याचा पंप अडीच-तीन बारला कट होतो. प्लेटला भोक पडलं तर पंप चालू असताना टाकीतलं पाणी कूलंटमध्ये घुसतं: कूलंटच्या जादा पाण्याच्या बाटलीची पातळी आपोआप वाढते, ओसंडते. पंप बंद आणि इंजिन गरम असेल तेव्हा उलट, इथिलीन ग्लायकॉल तुमच्या नळाच्या पाण्यात. ते विषारी आहे. पातळी वाढतेय असं दिसलं की आधी एक्स्चेंजर तोडून बाजूला करा. एरवीही त्या लाइनचं पाणी फक्त अंगावर, पिण्या-शिजवण्याला नाही.

एक मल्टिमीटरची चाचणी करा. डीसी व्होल्ट, काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल वायरचं टोक गार इंजिनाच्या कूलंटमध्ये बुडवा, धातूला लागू देऊ नका. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ च्या वर म्हणजे कूलंट खराब झालंय किंवा कुठल्यातरी उपकरणाचा करंट कूलंटमधून परत जातोय. ही चाचणी सगळं बंद असताना एकदा आणि इन्व्हर्टर, पंप, ब्लोअर एकेक चालू करत परत करा. जे चालू केल्यावर आकडा उडी मारतो त्याचं अर्थिंग खराब.

चाकावरचं_घर

हाऊसिंग उघडलं, थर्मोस्टॅट नाहीच. चढानंतर वरचा होज ९७, खालचा ६३. कोअरवर डाव्या कडेला हातभर रुंद उभा पट्टा बराच थंड. टाक्या पितळी आहेत. मल्टिमीटरवर सगळं बंद असताना ०.२२, इन्व्हर्टरवर इंडक्शन चालू केलं की ०.४८.

दोन प्रश्न. पुढे एक इलेक्ट्रिक पंखा बसवून घेऊ का? आणि लेहसाठी कूलंट, टोपण यांत काही बदल?

पाना_बारा

९७ आणि ६३, म्हणजे पाणी कमी फिरतंय, हवा पुरेशी आहे. इलेक्ट्रिक पंखा हवेच्या रोगावरचं औषध आहे, तुमचा रोग तो नाही. उलट पुढे लावलेला पंखा बंद असताना त्याची मोटर आणि पाती वाटेत उभी राहतात. रॉडिंग, फ्लश, थर्मोस्टॅट एवढं करा. पंप उघडलात तर इम्पेलरची पाती बघा, चहाच्या रंगाच्या पाण्यात ती कागदासारखी पातळ झालेली असतात. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाभोवती हिरवी-पांढरी पापडी असेल तर सील गेलं.

डोंगरगाडी

पंख्याबाबत थोडा मतभेद. कंडेन्सर पुढे असेल आणि एसी लावून शहरात रांगायचं असेल तर कंडेन्सरपुरता एक १२ इंची पंखा उपयोगी पडतो. १० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून रिले आणि स्वतःचा फ्यूज हवाच, हेडलाइटच्या वायरला जोडू नका. घाटासाठी म्हणून मात्र बसवू नका, हे पटलं.

घाटात गिअर एक खाली ठेवा. तिसऱ्यात १,५०० ला रडवत नेण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळं फिरू द्या, पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. काटा लालकडे गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करू नका, १,२०० वर दोन-तीन मिनिटं फिरू द्या. पाणीच उडालं असेल तर मात्र लगेच बंद. टोपणाला हात नाही, वरून गार पाणी नाही, हेड तडकतं.

बारा_व्होल्ट

इन्व्हर्टरचं आधी उरका. त्याची मायनस केबल जवळच्या चॅसिस बोल्टला लावलेली असणार. ती काढून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या, आणि इंजिन ते चॅसिस अर्थिंगची पट्टी साफ करून घट्ट करा. हे कूलंट बदलायच्या आधी, नाहीतर नवीन कूलंट आणि नवीन डाग दोन्ही तोच करंट खाईल. सगळं बंद असतानाचे ०.२२ हे संपलेल्या कूलंटचे आहेत, ते बदलल्यावर खाली येतील.

लेहसाठी ५०:५० ठेवा, साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. महाराष्ट्रातच फिरायचं असेल तर ४० टक्के पुरेसं आणि उष्णता न्यायला जास्त चांगलं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका, ते उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

टोपण बाहेरच्या हवेच्या दाबावर ०.९ बार धरतं. समुद्रसपाटीला त्यामुळे साधं पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर, तिथे बाहेरचा दाबच जवळपास निम्मा, उघडं पाणी ८३ अंशांना उकळतं. चांगलं टोपण असेल तर तिथेही ११० पर्यंत वाव राहतो. रबर कडक झालेलं टोपण ०.३ बारलाच सोडत असेल तर तो वाव ९५ च्या आसपास येतो, आणि विरळ हवेत रेडिएटर गारही कमी करतो. म्हणून निघण्याआधी नवीन टोपण, जुन्यावर छापलेल्याच आकड्याचं. जास्त दाबाचं टाकू नका, जुना डाग आणि हीटरचा कोअर आधी फुटेल. टोपणाच्या मधल्या छोट्या व्हॉल्व्हला नखाने ओढून बघा, सहज उघडून परत बसला पाहिजे. तो अडकला तर गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत येत नाही आणि वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसतो.